आधी पाणी, मग वैरण, मग जनावर : कार निकोबारमधल्या घरवाडीची मांडणी, पायरी पायरीने

अंदमान-निकोबार बेटांवर कामाला जाणारे आपल्याकडचे कृषी पदवीधर, संस्थांचे कार्यकर्ते आणि पशुवैद्यक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. 'एकात्मिक शेती' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मधोमध तळं, काठावर बदकं, वर डुकरांचा गोठा आणि बाजूला भाजीचे वाफे असं चित्र येतं. ते चित्र घेऊन ते बोटीत चढतात. पहिल्याच फेरीला पिल्लं उतरतात, खाद्याच्या गोण्या उतरतात, फोटो निघतात. चार महिन्यांनी गोण्या संपलेल्या असतात, तळ्यात पाणी टिकत नाही, आणि ज्या घरासाठी हे सगळं केलं त्या घरातली बाई डुकराला घरच्या ताटातला भात घालत असते.

या वस्तू वाईट नसतात, त्या येण्याचा क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. उदाहरण कार निकोबारचं घेतलं आहे: सपाट प्रवाळी बेट, निकोबारी आदिवासी कुटुंबं, माडांच्या बागा, घराखाली-घराभोवती डुकरं आणि कोंबड्या. पाऊस साधारण मे ते डिसेंबर, वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास. जानेवारी ते एप्रिल कोरडे. माल येतो तो श्री विजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, जवळपास 270 किलोमीटर समुद्र ओलांडून. समुद्र खवळला की बोट येत नाही. पुढची प्रत्येक पायरी ही गोष्ट धरून मांडली आहे.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक आधीच मनात ठेवा: जानेवारी-फेब्रुवारीत बोलणी आणि पाहणी, मार्च-एप्रिलमध्ये पाणी आणि खताची तयारी, मेपासून लागवड, पावसाळा ओसरताना कोंबड्या. डुक्कर दुसऱ्या वर्षी. हे वाचून अनेकांचा चेहरा पडतो, कारण योजनेचा अहवाल मार्चअखेर द्यायचा असतो. अहवालात पहिल्या वर्षी वाफे, टाकी आणि खताचा ढीग दाखवा.

तयारी : जमीन कुणाची, शब्द कुणाचा

निकोबार हा राखीव आदिवासी प्रदेश आहे. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली बाहेरच्या माणसाला तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. परवाना हातात आला म्हणजे कुणाच्या वाडीत काठी रोवायचा हक्क मिळाला, असं मात्र समजू नका.

जमीन, माड आणि बहुतेक वेळा डुकरंसुद्धा 'तुहेत'ची असतात. तुहेत म्हणजे एकत्र कुटुंबाचा मोठा गोतावळा, त्याचा एक प्रमुख असतो. गावाला कॅप्टन असतात: पहिला, दुसरा, तिसरा. वर आदिवासी परिषद. 2004 च्या त्सुनामीनंतर अनेक कुटुंबं किनाऱ्यापासून आत, एकेका जोडप्याच्या वेगळ्या घरांत राहायला गेली. त्यामुळे बाहेरच्याला वाटतं, घर एका माणसाचं म्हणजे घरामागची जागाही त्याचीच. तसं असेलच असं नाही.

1. आधी कॅप्टनला भेटा, मग तुहेतच्या प्रमुखाला, मग त्या घराला. क्रम उलटा झाला तर होकार मिळेलही, पण वाफे खणायच्या दिवशी कुणी येणार नाही.
2. तीन गोष्टी स्पष्ट विचारा: कोणत्या माडांखाली लागवड चालेल, कोणता माड तोडला तर चालेल, आणि वाढलेलं डुक्कर कुणाचं असेल.
3. घरातल्या बाईशी वेगळं बोला. डुकराला खायला घालणं, अंडी गोळा करणं, पाणी आणणं यांतलं बरंचसं काम तिच्या अंगावर येणार आहे. तिच्याकडे दिवसाला एक तास जास्तीचा नसेल तर योजना तिथेच छोटी करा.

तपासा: तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुहेतचा प्रमुख आणि घरातली बाई यांनी सारखीच दिली का? नसतील, तर थांबा. पुढच्या पायरीला जाऊ नका.

पायरी 1 : वाडी चालून बघा, ताट बघा

वही घेऊन घरच्या माणसासोबत वाडीभर चाला. किती माड, त्यांतले किती फळतात, सूर्यप्रकाश कुठे जमिनीवर पोचतो, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं, विहीर कुठे, डुकरं कुठून येतात-जातात. माडांमध्ये मोकळी जागा किती, हे दुपारी बारा वाजता बघा, सकाळी नाही. दुपारच्या उन्हाचे कवडसे जमिनीवर सलग पट्ट्यांत पडत असतील तर तिथे केळी, टॅपिओका (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) येईल. फक्त ठिपके ठिपके दिसत असतील तर अळू, सुरण, हळद, अननस. ठिपकेही नसतील तर काहीच लावू नका.

आपल्याकडे नारळबाग साडेसात मीटरवर आखलेली असते. इथे बऱ्याच ठिकाणी पडलेल्या नारळातून आपोआप उगवलेले माड दाटीने उभे असतात. म्हणून मापाच्या पट्टीपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवा. साधारण नियम असा की माड सात-आठ वर्षांपेक्षा लहान किंवा पंचविशीच्या पुढचा असेल तर खाली पुरेसं ऊन मिळतं. मधल्या वयात सावली गर्द असते.

मग ताट. वर्षातल्या कोणत्या महिन्यात घरात काय खाल्लं जातं, काय विकत येतं, काय संपतं, हे बारा रकान्यांत लिहा. केवड्याच्या जातीचं निकोबारी फळ, ज्याचा उकडून गोळा करतात, कोनफळ, केळी, मासे, नारळ आणि दुकानातला तांदूळ. रिकामे रकाने कोणते आहेत? लागवड त्या रिकाम्या रकान्यांसाठी करायची आहे.

इथे कोकणातल्या वाचकांना एक सांगतो. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने रुजवलेली 'लाखी बाग', म्हणजे नारळाखाली जायफळ, दालचिनी, मिरी, ही आपल्या बाजारपेठेसाठी उत्तम मांडणी आहे. कार निकोबारला ती जशीच्या तशी नेऊ नका. मसाल्याला गिऱ्हाईक बोटीपलीकडे आहे आणि पहिलं जायफळ हाती यायला वर्षं लागतात. घराला पहिल्या वर्षी खायला कंद आणि भाजी हवी.

पायरी 2 : पाणी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

3,000 मिलिमीटर पावसाच्या बेटावर पाण्याची चिंता कशाला, असं वाटेल. प्रवाळी जमीन चाळणीसारखी असते. पाऊस मुरतो आणि खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत राहतो. विहिरीत येतं ते या थरातलं. गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली, तर खालचं खारं पाणी कालांतराने साधारण चाळीस हात वर सरकू शकतं, असं दोन्ही पाण्यांच्या घनतेचं गणित सांगतं. म्हणून या विहिरीवर मोठा पंप म्हणजे विहीर खारी करायचं यंत्र.

1. विहिरीतून थोडं थोडं, दिवसात तीन-चार वेळा पाणी काढा. एकदम उपसा करू नका.
2. कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा विहिरीचं पाणी ईसी मीटरने, म्हणजे पाण्याचा खारेपणा दाखवणाऱ्या यंत्राने, मोजा. 0.7 डेसिसायमन प्रतिमीटरच्या आत असेल तर रोपांनाही चालतं. 3 च्या वर गेलं तर वाफ्यांना घालणं बंद. मीटर नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चव घ्यायला सांगा. पाणी नेहमीपेक्षा जड लागतंय हे त्यांच्या जिभेला तुमच्याआधी कळतं.
3. पत्र्याच्या छपराला पन्हळ लावा. 40 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की गळती, उडणं धरूनही 32 लिटर पाणी मिळतं. म्हणजे 1,000 लिटरची टाकी भरायला साधारण 31 मिलिमीटरची एक चांगली सर पुरते.
4. पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका, छपरावरची घाण त्यात उतरते. टाकीला झाकण आणि तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर डासांची पैदास तुम्हीच केलीत.

आता हिशेब. दोन मोठी डुकरं रोज सुमारे 30 लिटर, पंधरा कोंबड्या 4 लिटर, रोपवाटिका आणि नव्या रोपांना 20 लिटर: झाले 54. भरलेली टाकी अठरा दिवसांत संपते. कोरडे महिने चार. म्हणजे टाकीच्या जोरावर डुकरं पाळता येणार नाहीत. टाकीचं पाणी रोपांना आणि कोंबडीच्या पिल्लांना, जनावरांचं पाणी विहिरीवर. विहीर चार महिने गोडी टिकवत असेल तरच जनावर.

सावधान: डुकरांची जागा आणि खताचा ढीग विहिरीपासून कमीत कमी 30 मीटर लांब ठेवा, जमेल तर आणखी लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. या जमिनीत घाण गाळली जात नाही, सरळ खाली जाते.

सावधान: तळं खणू नका. अंदमानच्या दऱ्यांमधल्या चिकणमातीत शेततळं टिकतं. प्रवाळी जमिनीवर अस्तराशिवाय टिकत नाही, आणि अस्तराचा कागद फाटला की नवा बोटीने यायची वाट बघायची. मासा हवा तर समोर समुद्र आहे.

पायरी 3 : खत, आणि त्यातला शत्रू

प्रवाळी वाळूत अन्नद्रव्य धरून ठेवायला काही नसतं. रासायनिक खताची पिशवी टाकली तर पहिल्या जोरदार पावसात ती त्याच विहिरीत उतरते. म्हणून लागवडीआधी दोन-तीन महिने खताचा ढीग सुरू झाला पाहिजे.

माल घरातच आहे. एक माड वर्षाला बारा-चौदा झावळ्या टाकतो. वीस माडांच्या अडीचशे झावळ्या झाल्या. बहुतेक घरं त्या जाळतात. त्या कोयत्याने वीतभर तुकड्यांत तोडा, केळीची सोपटं, तण, कोंबड्यांच्या खुराड्यातली घाण यांचे थर रचा, सावलीत ठेवा, वरून झावळ्यांनी झाका. भरपूर पावसात उघडा ढीग म्हणजे नुसता धुतलेला चोथा. गांडुळं स्थानिक मिळाली तर घाला, पण बाहेरून माती आणू नका.

आता शत्रू. गेंड्या भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब खातो, आणि उघडलेल्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. हा भुंगा अंडी घालतो ती कुजक्या खताच्या ढिगात आणि मेलेल्या माडाच्या खोडात. म्हणजे निष्काळजीपणे केलेला खताचा ढीग म्हणजे माडांचा मारेकरी पोसणारी खानावळ. घराच्या रोख पैशाचा मुख्य आधार खोबरं आहे, तो पाडून भाजी पिकवण्यात काय अर्थ?

1. दर पंधरा दिवसांनी ढीग पूर्ण उलथा. पांढऱ्या, जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या वेचा आणि कोंबड्यांपुढे टाका. कोंबड्या अजून नसतील तर शेजारच्यांच्या.
2. तोडलेला किंवा पडलेला माड तसाच पडू देऊ नका. फाळके करून वापरा, उरलं ते वाळवून जाळा.
3. मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी कृषी विज्ञान केंद्राकडून मिळाली तर ढिगात मिसळा. ती या अळ्यांना मारते.

तपासा: ढिगात हात घालून मूठभर खत उचला. झावळीचे दांडे बोटांनी मोडतात का, मातीचा वास येतो का? आंबूस वास असेल तर आणखी महिना थांबा.

पायरी 4 : माडाखालची लागवड

माडाच्या बुंध्याभोवती दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ त्याचं स्वतःचं. तिथे आळं, आच्छादन आणि वर्षाला 25 ते 50 किलो कुजलेलं खत. दुसरं काही नको. दोन माडांमध्ये साडेसात मीटर असतील तर मधे साडेतीन मीटरचा पट्टा उरतो. लागवड या पट्ट्यात.

क्रम असा ठेवा:

1. आधी कुंपण. निकोबारी डुकरं दिवसभर बागेत मोकळी फिरतात. सुरुवातीला डुक्कर कोंडण्यापेक्षा पीक कोंडणं सोपं. शेवग्याचे मीटरभर लांब दांडे पावसाच्या सुरुवातीला हात-हात अंतरावर रोवा, मधे झावळ्यांचे दांडे विणा. शेवगा जगला की त्याचा पाला माणसालाही आणि जनावरालाही.
2. मग कंद. कोनफळाचे पाव किलोचे तुकडे, डोळा राखून, राखेत घोळवून, दोन दिवस सावलीत सुकवून लावा. एप्रिलअखेर किंवा पहिल्या पावसाला लावलं तर डिसेंबर-जानेवारीत निघतं. खड्ड्यात दोन पाट्या खत, वर झावळ्यांचं जाड आच्छादन.
3. टॅपिओका फक्त भरपूर उन्हाच्या जागी. सावलीत त्याला पाला छान येतो आणि खाली करंगळीएवढी मुळं. वीतभर लांब तुकडे, 90 सेंटिमीटर अंतर. सगळा एका दिवशी लावू नका. दर महिन्याला थोडा लावला तर आठ-दहा महिन्यांनी दर महिन्याला थोडा निघेल. काढलेला कंद दोन-तीन दिवसांत खराब होतो, जमिनीत मात्र वाट बघत राहतो.
4. केळी आणि पपई उघड्या कडेला. अळू पन्हळीच्या सांडपाण्याजवळ. रताळ्याचे वेल जिथे उघडी जमीन दिसेल तिथे: कंद माणसाला, वेल डुकराला.
5. पालेभाजीचे दोन वाफे घराच्या दाराजवळ, बाईच्या हाताशी. लांब केले तर पाणी घालायचं राहून जातं.

सावधान: मुख्य भूमीवरून रोपं, कंद, माती आणू नका. 2016 मध्ये तमिळनाडू-केरळात दिसलेली नारळावरची चक्राकार पांढरी माशी अशाच वाहतुकीतून पसरत गेली. बी-बेणं बेटावरचंच घ्या; नसेल तर कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

सावधान: टॅपिओकाच्या कच्च्या पानांत आणि सालीत विषारी घटक असतो. साल काढून, चकत्या करून उन्हात कडक वाळवा किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाका. कच्ची पानं कापून डुकरापुढे टाकणं ही नेहमीची चूक आहे.

त्सुनामीत बुडालेली सखल जमीन वाट्याला आली असेल तर सपाट वाफे करू नका. मीटरभर रुंदीचे उंच गादीवाफे आणि बाजूला चर काढा. पावसाने गादीतलं मीठ धुवून चरात जाऊ द्या, आणि पहिला पावसाळा तिथे काहीही न लावता जाऊ द्या.

पायरी 5 : कोंबड्या

पावसाळा ओसरायला लागला, खताचा ढीग चालू आहे, टॅपिओका गुडघ्याच्या वर आला आहे: आता कोंबड्या आणा. एक कोंबडा, आठ कोंबड्या. त्याहून जास्त नको.

निकोबारी कोंबडी ही नोंदणीकृत देशी जात आहे, आखूड पायांची, बसक्या बांध्याची, आणि देशी कोंबड्यांत अंडी देण्यात आघाडीची. तरीही योजना बाहेरची सुधारित पिल्लं आणतात. ती पहिलं वर्ष अंडी देतात, पण बहुधा खुडूक बसत नाहीत, म्हणजे अंडी उबवत नाहीत. पुढच्या पिढीसाठी पुन्हा बोट. तुमच्या कळपात खुडूक बसणाऱ्या निदान दोन कोंबड्या असू द्या, मग त्या कोणत्याही गावठी जातीच्या असोत.

1. खुराडं जमिनीपासून हात-दीड हात वर, फळणाऱ्या माडाच्या अगदी खाली नको. रात्री पडलेल्या एका नारळाने छप्पर आणि खालच्या दोन कोंबड्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.
2. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा ताजी अंडी, आठवड्यापेक्षा जुनी नाहीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं.
3. पहिले चार आठवडे पिल्लं आईसकट डालग्याखाली. मरतूक सगळ्यात जास्त याच काळात होते: पाऊस, उंदीर, साप, कुत्री. फोडलेलं खोबरं, शिजवलेला कंद, वाळवी आणि वर सांगितलेल्या अळ्या बारीक करून द्या.
4. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस: पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी. लसीची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि 2 ते 8 अंश थंडाव्यात राहावी लागते. एका घराच्या नऊ कोंबड्यांसाठी कुपी फोडणं परवडत नाही. म्हणून लस टोचायचा दिवस गावाचा ठरवा, बोटीच्या वेळापत्रकाशी जोडून, भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच.

तपासा: बर्फाच्या डब्यातला बर्फ लस पोचली तेव्हा घट्ट होता का? विरघळलेला असेल तर ती लस देऊ नका. दिली आणि कोंबड्या मेल्या, तर गाव पुढची पाच वर्षं लसीवर विश्वास ठेवणार नाही.

सावधान: बुरशी लागलेलं खोबरं किंवा पेंड कोंबड्यांना घालू नका. 'माणसाला चालत नाही म्हणून कोंबडीला' हा हिशेब इथे अंगाशी येतो. बुरशीचं विष कोंबड्यांचं यकृत खातं.

पायरी 6 : डुक्कर

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कुठल्याही वाडीत थांबा. घरातली बाई कोयत्याच्या दोन घावांत नारळ फोडते, करवंटीवर करवंटी आपटते. तो आवाज बागेत घुमतो आणि झाडीतून काळी, तपकिरी डुकरं धावत येतात. कुणाचं डुक्कर कुठल्या आवाजाला येतं हे डुकराला ठाऊक असतं. हे रोजचं बोलावणं म्हणजे इथल्या डुक्कर-पालनाचा कणा आहे: मोजणी, तपासणी, मालकी, सगळं त्या दहा मिनिटांत होतं. तुमच्या सुधारणेने ते बोलावणं मोडता कामा नये.

आधी खाद्याचा हिशेब करा. डुकराला रोज दोन नारळ दिले तर वर्षाला 730. एका माडाला वर्षाला 45 नारळ धरले तर एका डुकरामागे सोळा माड गेले! तेच नारळ खोबरं करून विकले तर घरात पैसा आला असता. आता रोज एक नारळ आणि दोन किलो टॅपिओका असं करा. झाडामागे दोन किलो धरले तर वर्षाला 365 झाडं, म्हणजे जवळपास तीन गुंठे. तीन गुंठे उन्हाची जागा आहे? तर एक डुक्कर. सहा गुंठे आहे? तर दोन. कागदावर हा हिशेब घरच्या माणसांसमोर करा. मी जेवढे गोठे रिकामे पडलेले पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत हा हिशेब कुणी केलेलाच नव्हता.

नारळ आणि कंद पोट भरतात, मांस चढवत नाहीत. प्रथिनांसाठी रताळ्याचे वेल, शेवग्याचा पाला, उकळलेली माशांची आतडी-डोकी. कापायच्या आधी काही आठवडे मासळी बंद, नाहीतर मटणाला वास येतो.

1. एकच तरुण मादी घ्या, निकोबारी जातीची. ही जात नोंदणीकृत आहे, जशी आपल्याकडे गोव्याची आगोंदा. पांढऱ्या विलायती डुकराला गोणीतलं खाद्य लागतं, कातडी उन्हाने भाजते. आणि नर-मादी एकाच विणीतली भावंडं कधीही घेऊ नका. नर शेजारच्या तुहेतकडून उसना आणा.
2. आसरा: दिवसा मोकळी, रात्री आणि विण्याच्या वेळी आत. पत्र्याच्या खाली झावळ्यांचा थर, नाहीतर उन्हात आतला जीव भाजतो. जमीन उंच, कोरडी, एका अंगाला उतार.
3. मादी दर 21 दिवसांनी माजावर येते. आठ महिन्यांच्या आत नर दाखवू नका. गाभण काळ 114 दिवस. 24 ऑगस्टच्या सुमारास नर दाखवला तर 16 डिसेंबरच्या आसपास पिल्लं: पाऊस कमी झालेला, कंद निघायला लागलेले. जूनमध्ये भिजलेल्या गोठ्यात व्यालेली डुकरीण निम्मी पिल्लं गमावते.
4. विण्याच्या दोन दिवस आधी वाळलेल्या झावळ्यांची पाती पसरा. कोपऱ्यात भिंतीपासून वीतभर अंतरावर आडवा बांबू बांधा. आई आडवी होताना पिल्लं त्यामागे सरकतात, चिरडत नाहीत.
5. डुकरिणीच्या दुधात लोह कमी असतं. कोंडलेल्या पिल्लांना तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडून लोहाचं इंजेक्शन. आईमागे मातीत हुंदडणाऱ्या पिल्लांना हा त्रास कमी होतो.
6. सहा ते आठ आठवड्यांनी दूध तोडा. आईला हलवा, पिल्लांना नाही. मग जंतनाशक आणि स्वाइन फीवरची लस.

सावधान: आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये भारतात आला. स्वाइन फीवरची लस त्यावर चालत नाही. एका बेटावर तो शिरला तर घरोघरची डुकरं जातील, आणि त्यांच्यासोबत गावाचे सगळे विधी आणि मेजवान्या थांबतील. म्हणून बाहेरून डुक्कर, डुकराचं मटण, लोणचं, काहीही नेऊ नका. तुमच्या डब्यातलं उरलेलं मटणही नाही. खानावळीची उष्टी-खरकटी घालायचीच असतील तर अर्धा तास खळखळ उकळून. एकाच आठवड्यात दोन-तीन डुकरं तापाने मेली तर मटण वाटू नका. पशुवैद्यकाला कळवा आणि मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा. समुद्रात टाकू नका.

सावधान: घराला संडास नसेल किंवा तो वापरात नसेल तर डुकरं वाढवू नका. माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकरातून पट्टकृमी पुन्हा माणसात येतो, त्याच्या अळ्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात. आधी संडास. गोठा साफ करताना पायांत बूट हवेत, कारण उंदरांच्या आणि डुकरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि या बेटांना तो नवा नाही.

पायरी 7 : सगळं एकमेकांत फिरवा

आता तुकडे जोडायचे. डुकराचं शेण खताच्या ढिगात जाईल, सरळ वाफ्यात नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला ते पूर्ण कुजल्याशिवाय कधीच घालू नका. कुजलेलं खत आधी माडाला, मग टॅपिओकाला, उरलं तर केळीला. तेल गाळल्यावरची पेंड डुकराला. कंदाच्या साली वाळवून डुकराला. ढिगातल्या अळ्या कोंबड्यांना. नारळाची सोडणं माडाच्या आळ्यात, पालथी घालून, ओल धरायला.

उंदीर हा या फिरवणीतला फुकट खाणारा. माडावर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर हातभर रुंद पत्रा गुंडाळा. झावळ्या शेजारच्या झाडाला टेकत असतील तर पत्र्याचा उपयोग नाही, आधी त्या छाटा.

पायरी 8 : हिशेब, मेजवानीसकट

आपण हिशेबात फक्त विक्री धरतो. इथे ते चालत नाही. डुक्कर पूर्वजांच्या विधीला, लग्नाला, नाताळला, पाहुण्याला कापलं जातं आणि वाटलं जातं. ते 'विकलं गेलं नाही' म्हणून योजना अपयशी ठरवणारे अहवाल मी वाचले आहेत. त्यांनी घराला विचारलंच नव्हतं की डुक्कर कशासाठी वाढवलं.

वहीत चार रकाने करा: घरात खाल्लं, वाटलं, मेजवानीला दिलं, विकलं. दर रविवारी चर्चहून आल्यावर पाच मिनिटं. लिहिता येत नसेल तर चार करवंट्या आणि शिंपले. वर्षअखेर चारही मोजा.

मग घराला विचारा, पुढच्या वर्षी कोणती करवंटी जास्त भरायची आहे. 'मेजवानीची' म्हणाले तर दुसरी मादी आणि आणखी तीन गुंठे टॅपिओका. 'विक्रीची' म्हणाले तर आधी कोंबड्या वाढवा, कारण अंडं गावातच खपतं, त्याला बोट लागत नाही. 'घरात खाल्लं'ची करवंटी निम्मी रिकामी असेल, तर जनावर वाढवू नका. वही उघडा, बारा रकान्यांचं पान काढा आणि कोणते महिने अजून कोरे आहेत ते घरच्यांसोबत बघा.